सवतीने दंडावर लिहिलेलं नाव

भांडुपच्या चाळीत दत्तारामच्या खोलीपुढे मुंगीला शिरायला वाट नव्हती. आत पाटावर त्याची दुसरी बायको मालन बसली होती. गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे वारलेल्या पहिल्या बायकोची, सुगंधाची, चांदीची प्रतिमा. आठवडाभर मालनच्या अंगावर आपोआप वळ उठत होते. सुगंधा नखं मारते, असं चाळ म्हणे. मालनलाही पाठीमागे कुणी श्वास घेतंय असं वाटे. आता तर ती वळून बघतही नव्हती.

धोंडू भगताने तिच्या दंडावर तुळशीची काडी दाबून फिरवली, वर पंचा टाकला आणि घुमू लागला.

"बोल गो बाय! नाव सांग!"

बऱ्याच वेळाने त्याने पंचा उचलला. दंडावर लाल, फुगीर अक्षरं होती: सुगंधा.

बायका किंचाळल्या. "आता तापल्या सळयेचो डाग," भगत म्हणाला, "मगे ही सवत जातली."

शेगडीत सळई लाल झाली होती. मालन पाटावरून मागे सरकली.

"थांबा!" तळमजल्यावरची नर्स वसुधा गर्दी सारून आत आली. तिने केसातला आकडा काढून मालनच्या दुसऱ्या दंडावर काहीतरी ओरखडलं. "आता बघा."

पाच-सात मिनिटांत तिथेही अक्षरं फुगली: बटाटा.

"काय रे धोंडू, भूत बाजारहाटही करतं का?"

लोक हसले. मालनला हसू येईना.

"घाबरू नकोस गं," वसुधा तिला म्हणाली. "कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. ओरखडा आला की कातडी इशारा करते. वाहिन्या फुगतात, म्हणून लाली. अस्तरातून पाणी झिरपतं, म्हणून सूज. शरीर जखमेकडे मदत धाडतं, एवढंच. तुझी कातडी फार हळवी झालीय. बांगडी घासली तरी वळ उठणार. औषध आहे यावर."

"पण सुगंधा..." दत्ताराम पुटपुटला.

मालनने मान वर केली. "अहो, ती गेली कशानं?"

"तापानं."

"तेव्हा कुणाला बोलावलं होतं?"

दत्तारामने धोंडूकडे पाहिलं. मग त्याने पाण्याचा तांब्या उचलून शेगडीवर पालथा केला.

त्या घरात भूत नव्हतं; वेळेवर डॉक्टर न मिळालेल्या बाईची आठवण होती, आणि तिला सगळे घाबरत होते. बाबांनो, मेलेल्या बाईवर आळ घेण्याआधी जिवंत बाईला दवाखान्यात न्या.