ट्रे एकमधली थुंकी

पडद्यावर आलं: कागद अडकला. ट्रे एक.

झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारी नम्रता कशेळ्याच्या सरकारी कचेरीत महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. बाकावर सुंदराबाई ताटकळत होत्या. नातीच्या वसतिगृहाचा अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस होता आणि दाखल्याची शिक्का मारलेली प्रत तेवढी राहिली होती.

नम्रताने ट्रे ओढून कागद उचलणारा रबरी रोलर बाहेर काढला. तो चिकट होता, तांबूस होता आणि त्याला तंबाखूचा वास येत होता. तिने तो टेबलापलीकडे धरला.

"भाऊसाहेब, हे काय आहे?"

"तुमचं मशीनच भिकार हाय," कारकून राजेश म्हणाला.

तिने रोलर स्पिरिटने तीनदा पुसला, तरी फडक्यावर तांबडं उतरतच राहिलं. शेवटी एकदाचा बसवला.

पडद्यावर आलं: कागद भरा.

राजेशने नवा गठ्ठा घेतला, तोंडातला तोबरा गालात सरकवला, अंगठा जिभेवर फिरवला आणि पानं सुटी करायला लागला.

"ठेव खाली!" सुंदराबाई उठल्याच. "माज्या नातीच्या दाखल्याला तुजी थुकी नको रं!"

त्यांनी वरची ओली पानं काढून त्याच्यापुढे आपटली आणि उरलेला गठ्ठा नम्रताला दिला.

प्रत निघाली. स्वच्छ, कोरडी. राजेशने सवयीने अंगठा तोंडाकडे नेत हात पुढे केला.

सुंदराबाईंनी कागद सोडला नाही. तो दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला.

"तू निस्ता शिक्का मार. कागूद मी धरते."