पाच मिनिटांत सांगितलेली गोष्ट

मित्रांनो, मला तीन पाय आहेत, पण आजवर एक पाऊलही मी आपणहून टाकलेले नाही. मी कॅमेऱ्याचा जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घ्यायचा आणि हलायचे नाही, एवढेच माझे काम. माझे पाय लाकडाचे आणि सांधे पितळेचे आहेत. हल्लीचे ट्रायपॉड पिसासारखे हलके असतात, मी मात्र अंगाने जड. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून सबानाथन यांनी मला उचलले, तेव्हा त्यांच्या पत्नीने विचारले, "हे झाड कशाला आणलंत घरात?"

सबानाथन कॅनडातल्या स्कार्बरोत तमिळ लग्नांचे व्हिडिओ काढत. माझी उमेदीची वर्षे लग्नाच्या हॉलमध्ये गेली. वधूच्या गळ्यात ताली, म्हणजे त्यांचे मंगळसूत्र, बांधली जात असताना समोर गर्दी लोटायची, धक्के बसायचे, पण मी तसूभरही सरकत नसे. "तंबी, माझ्या साडीचा काठ आला ना नीट?" असे एखादी मावशी त्यांना धाकटा भाऊ मानून विचारायची. सबा "पूर्ण आला, अक्का" म्हणून हसायचे. मोठी कामे मिळाली की ते माझे सांधे तेलाच्या फडक्याने पुसत. मला वाटे, माझ्यासारखा सुखी कोणी नाही.

पुढे पत्नी वारली. मुलगी कलैमती लग्न होऊन मॉन्ट्रियलला गेली. लग्नाचे व्हिडिओ काढणारी तरुण मंडळी ड्रोन घेऊन आली आणि आमची कामे आटली. तळघरातल्या कोपऱ्यात मी धूळ खात पडलो.

अशात त्यांना एक फोन आला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका अशा देशांतून आलेल्या घरांतली जी मुले कॅनडात सिनेमा करू पाहतात, त्यांच्यासाठी शहरात एक स्पर्धा होती. तिला पिच म्हणत. आपल्या न बनलेल्या सिनेमाची गोष्ट परीक्षकांपुढे पाच मिनिटांत सांगायची. जिंकेल त्याचा सिनेमा स्पर्धा भरवणारी संस्था बनवून देई. प्रत्येक स्पर्धकाला एक अनुभवी मार्गदर्शक मिळत असे. कोणी मोठा दिग्दर्शक ऐनवेळी गळाला, म्हणून सबांची आठवण झाली होती.

त्यांच्या वाट्याला आली अबिरामी. औषधाच्या दुकानात काम करणारी, तोंडाने तिखट मुलगी. तळघरात आल्या आल्या तिने चौफेर पाहिले.

"लग्नाचे व्हिडिओ काढता ना तुम्ही, मामा?"

"हो."

"म्हणजे मला सिनेमा शिकवणार की हार घालायला?"

"आधी हा ट्रायपॉड उभा करायला शिकवतो," सबा म्हणाले. "तो जमला तर हारही शिकवू."

ती हसली, आणि तळघरात पुन्हा माणसांचा आवाज आला. त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी ती यायची. येताना मटण रोल आणायची. सबा आल्याचा चहा ठेवायचे. ते माझ्यावर कॅमेरा चढवून तिला समोर उभी करत आणि गोष्ट सांगायला लावत. मग तिचे तिलाच दाखवत.

तिची गोष्ट तिच्या आईची होती. पुष्पराणी गाडी चालवण्याच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास व्हायच्या, कारण त्या आरशात बघत नसत. परीक्षा घेणाऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "मला मागं बघायला लावू नका, साहेब. पुढं बघत बघत तर इथवर आले." अबिरामी आईची नक्कल करायची तेव्हा सबा डोळे पुसेपर्यंत हसत.

पहिल्या फेरीत परीक्षकही हसले. तिला पुढे पाठवताना मात्र त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "गोड आहे. पण तुमच्या लोकांनी एवढं सोसलं. ती जखम कुठे आहे यात? अंतिम फेरीत ती दिसू दे."

त्या शुक्रवारी अबिरामी रडवेली होऊन आली.

"कुठून आणू जखम, मामा? मी इथंच जन्मले. आई काही बोलत नाही. माझ्याकडे नापास झालेली आई आहे फक्त!"

"तेच सांग."

"त्याला कोण बक्षीस देणार? तुम्ही का नाही केलात आजवर स्वतःचा सिनेमा? तुमच्याकडे तर असेल ना काही?"

सबा कितीतरी वेळ माझ्या पायाचा स्क्रू फिरवत राहिले. तो सैल नव्हता. मग त्यांनी कॅमेरा उतरवून ठेवला आणि तिला सांगितले. श्रीलंकेतल्या युद्धातून पळताना धरलेल्या एका बोटीची गोष्ट होती, आणि किनाऱ्यावर मागे राहिलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीची. मित्रांनो, याहून अधिक मी तुम्हाला सांगणार नाही.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बायकोलाही बोललो नव्हतो. दुःख दुकानात मांडलं की गिऱ्हाईक त्याला हात लावून बघतं, अबी. मला ते नको होतं. तू तुझ्या आईचीच गोष्ट सांग."

"सांगीन, मामा," ती म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तेव्हा तिला तसेच वाटत होते.

अंतिम फेरी सरोवराकाठच्या एका मोठ्या सभागृहात झाली. तिचे बोलणे टिपून ठेवावे म्हणून सबांनी मला मागच्या रांगेत उभे केले. माझ्या दांड्यावर त्यांचा हात होता. तिच्या आधी एका मुलाने जळालेल्या गावाची गोष्ट सांगितली आणि सभागृह गलबलून गेले. मग अबिरामी आली. तिने आईचा आरसा सांगितला. कोणी हसले नाही. परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिले.

अबिरामी थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पण माझी आई मागे का बघत नाही, ठाऊक आहे? कारण मागे तिची धाकटी बहीण उभी आहे. किनाऱ्यावर."

तिने सगळे सांगितले. बोट, पाणी, बहिणीचा फ्रॉक. शेवटी म्हणाली, "बोट दिसेनाशी होईपर्यंत मावशी हात हलवत होती." आणि तिने स्वतःचा हात वर करून हळूच हलवला.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. शेकडो लग्नांत मला धक्के बसले असतील, पण माझा दांडा इतका घट्ट कोणी कधी धरला नव्हता. सबांनी चित्र हलू दिले नाही. शेवटपर्यंत ती चौकटीच्या मधोमध होती.

ती जिंकली. बाहेर बर्फात, गाडीशेजारी ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यात बक्षिसाचा पट्टा होता.

"मामा, मला... तोंडातून निघून गेलं. मी नाव नाही घेतलं तुमचं. कोणाला कळणार नाही."

"चांगलं सांगितलंस," सबा म्हणाले. "मला इतकं चांगलं जमलं नसतं."

"रागवा ना माझ्यावर!"

"तिनं हात हलवला नव्हता, अबी. ती पाठमोरी होती. रुसली होती माझ्यावर." त्यांनी मला गाडीतून काढून तिच्या हाती दिले. "हा घेऊन जा. तुझ्या शूटिंगला लागेल. मार्गदर्शकाचं काम आज संपलं."

अशा रीतीने, मित्रांनो, माझे घर बदलले.

उन्हाळ्यात शूटिंग सुरू झाले. संस्थेने आता अबिरामीला नामांकित मार्गदर्शक दिला होता. सरोवराचा काठ समुद्राचा किनारा म्हणून सजवला. फ्रॉक घातलेली एक गोड मुलगी उभी केली. "हात जरा उशिरा हलव, बाळ," मार्गदर्शक ओरडले. "आणि रडू नकोस एवढ्यात." मुलीने उशिरा हात हलवला. अबिरामी माझ्यामागे उभी होती. तिने "कट" म्हटले, मला दुमडले आणि कोणाशीही न बोलता थेट सबांच्या दारी आली.

"मामा, तुम्ही स्वतः सांगा. कॅमेऱ्यासमोर बसा. तुमच्या नावानं होऊ दे सिनेमा."

ते दारातच उभे होते. त्यांनी तिला आत ये म्हटले नाही.

"एकदा सांगितली मी. तुला सांगितली," ते म्हणाले. "आता डोळे मिटले की ती हात हलवताना दिसते मला. माझं जे होतं ते पुसलं गेलं, पोरी. काय सांगू?"

दार लागले. पायरीवर अबिरामी मला कवटाळून बसली होती. माणूस इतका वेळ रडू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

तिने संस्थेला खरे काय ते सांगितले. तिथले साहेब म्हणाले, "अहो, अशी गोष्ट एकाची थोडीच असते? सगळ्या समाजाची असते ती." तिने बक्षीस सोडले. गावभर बोलणी झाली. पुष्पराणी एवढेच म्हणाल्या, "माझीच सांगत राहिली असतीस गं. मी काय, नापासच झाले असते आणखी थोडी."

अबिरामी पुन्हा दुकानात जाऊ लागली. कॅमेरा तिने विकला. मला कोणी घेईना. पुष्पराणींनी माझ्या डोक्यावर फळी ठोकली आणि खिडकीशी कढीपत्त्याची कुंडी ठेवली. माझ्या सांध्यांत पाणी झिरपले, पितळ हिरवे पडले. अबिरामी जाता-येता माझ्याकडे न बघता जायची. तिला दोष देववत नाही.

बऱ्याच वर्षांनी एका फेब्रुवारीत कुंडी उतरली आणि फळी निघाली. सबानाथन गेले होते. अंत्यविधी यायला न जमणाऱ्या नातलगांनी दूरदेशी घरबसल्या पाहावा, म्हणून कलैमतीला कॅमेरा लावायचा होता. मी लावू का, असे अबिरामीने स्वतःहून विचारले. उसना कॅमेरा आणला, आणि मला त्यांच्या पायांशी उभे केले. ज्यांच्या खांद्यावरून मी शहरभर फिरलो, ते फुलांत निजले होते. मित्रांनो, हलायचे नाही हे माझे काम. ते मी केले.

विधी आटोपल्यावर कलैमती जवळ आली.

"अबिरामी, अप्पा मला कधी काही बोलले नाहीत. तू तेव्हा जिंकलीस ती गोष्ट त्यांचीच होती ना? अप्पांना बहीण होती? मला अत्तै होती?"

"हो."

"नाव काय होतं तिचं? ते नावही तू नव्हतं घेतलंस."

अबिरामीने हात लांबवून कॅमेरा बंद केला.

"सुलोचना," ती म्हणाली. "चल. मामांनी सांगितलं होतं तसंच सांगते. माझं काही घालणार नाही."

कोट टांगायच्या खोलीत त्या दोघी गेल्या आणि दार लोटून घेतले. आतून आधी एकीचा, मग दुसरीचा आवाज येत राहिला. पाच मिनिटांत ते काही संपले नाही.

मित्रांनो, माझे पितळ घासले तर पुन्हा चमकेल. वस्तूंना एवढी काळजी पुरते. पण कोणी विश्वासाने आपले दुःख तुमच्यापाशी ठेवले, तर ते जसे दिले तसेच जपा. त्याला रंग लावू नका, आणि ज्याचे आहे त्याला विचारल्यावाचून बाजारात नेऊ नका. तेवढे केलेत, तर या तीन पायांवर उभे राहून मी जे पाहिले ते तुम्हाला पाहावे लागणार नाही.