चिकटलेली पानं

किटलीच्या वाफेवर धरलेली दोन पानं अखेर सुटी झाली, तेव्हा बाइंडरने आधी दाराकडे पाहिलं. पन्नाशी उलटली तरी ताईच्या नकळत काही करायचं म्हणजे त्याला धाक वाटायचा.

पुस्तक दोघांच्या लहानपणचं. पाणमांजराची आई होडीत बसून निघते. पाणमांजराला होडी कशाला, ते चित्रकारालाच ठाऊक. पिल्लू काठावर उभं असतं आणि पान उलटलं की एकदम मोठं होऊन स्वतःच वल्हं मारत असतं. "आई परत आली का?" असं विचारून लहानपणी बाइंडरने ताईचं डोकं खाल्लं होतं. "पुस्तकात दिलेलं नाही," ती म्हणायची.

दिलेलं होतं. खळीने चिकटवलेल्या पानांत डावीकडे दूर जात ठिपक्याएवढी झालेली होडी होती. उजवीकडे तीच होडी काठाला लागली होती आणि पिल्लू आईच्या गळ्यात पडलं होतं.

त्याला संताप आला. दोनदा शिवण उसवून त्याने पुन्हा घातली.

ताई आली ती घाईतच. तिच्या लेकीचं उद्या ऑपरेशन होतं, आणि पुस्तक त्या लेकीच्या मुलासाठी हवं होतं.

"झालं का रे?"

त्याने उघडं पान पुढे सरकवलं. "हे तू चिकटवलंस?"

ताई स्टुलावर बसली. "आठ वर्षांची होते मी. तू जेमतेम तीन वर्षांचा, तुला आठवणारही नाही."

"आई जाताना बघून मी रडेन म्हणून?"

"आपली आई घरून जाताना तर तू बघितलंच होतंस." तिने उजव्या पानावर बोट ठेवलं. "हे लपवलं. हे बघायचास आणि दारात जाऊन बसायचास. जेवायलाही उठायचा नाहीस. आई दवाखान्यातून येणार नाही, हे मला कळलं होतं. तुला कसं सांगणार?"

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. खळीची वाटी समोरच होती. त्याने ब्रश उचलला, परत ठेवला.

"ऑपरेशन किती वाजता?"

"अकराला."

"मग उद्या ऑपरेशननंतर, संध्याकाळी ने. शिवण अजून बसायचीय."

ताईने शिवणीवरून अंगठा फिरवला. ती पक्की बसली होती. तिने पुस्तक टेबलावर खळीच्या वाटीशेजारी ठेवलं, तेच पान उघडं ठेवून.