गार हवेचे बटण

मी एक जुना केस वाळवायचा ड्रायर आहे. शेलूबाजारात मेहरबीच्या पार्लरमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी मित्रांनो, सांगून पाहतो.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात पंखा, तापणारी तार आणि मुठीवर निळे बटण. ते दाबले की तार निवते आणि नुसती गार हवा येते. मेहरबी केस आधी सुती ओढणीत टिपून घ्यायची, चोळायची नाही. अर्धेअधिक आपोआप वाळू द्यायची. मग मान खाली घालायला लावून, मला वीतभर लांब धरून मुळांकडून हवा द्यायची आणि शेवटी निळे बटण दाबायची. केस असे फुलायचे की बायका आरशासमोरून हलत नसत. "मेहरबी, तुह्या मशीनीत जादू हाय वो!" असे कोणी म्हटले की मी मनातल्या मनात लाजत असे. पुढे कामाच्या गर्दीत माझ्या पाठीची जाळी केसांच्या गुंत्याने तुंबत गेली. मला श्वास पुरेना. कोणाच्या लक्षात आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात नीलिमा आली. त्याच दुपारी तिचे लग्न होते. दहावीत टायफॉइडने तिचे केस झडून गेले होते. इतक्या वर्षांनी ते कमरेपर्यंत आले, पण विरळच.

"काकू, एवढेच हायेत. जपून करजा," ती म्हणाली. "फोटोत जरा भरगच्च दिसले पायजे."

मेहरबीने केस धुऊन टिपले आणि वाळेपर्यंत गजरे आणायला ती बाहेर पडली. "मी आल्याबिगर मशीनीले हात नका लावजा," असे बजावून गेली. पण नीलिमाची मावशी रत्नमाला हिला धीर कुठला!

"तिकडं वरात मांडवापाशी आली, अन् हे बाई गजरे निवडून राह्यली!" असे म्हणत तिने पिशवीतून खोबरेल काढले, चकाकी यावी म्हणून ओल्या केसांना चोपडले आणि मला पूर्ण गरम करून केसांना टेकवले.

मित्रांनो, तेव्हाची माझी तगमग कशी सांगू? तेल तापते, केस आतून उकळतात, हे मला कळत होते. ओरडता येत नव्हते. मागून हवा येईना. तार लालभडक झाली. मी घरघरलो.

"मावशे, भाजून राह्यलं!"

"उगी राय. नवरीले एवढं सोसा लागते."

तिने मला आणखी दाबले. बंद पडावे, जळून जावे, असे मी मनात आक्रंदत होतो. पण चालू यंत्राला स्वतःचे मरण निवडता येत नाही. मग वास आला. कानामागची एक बट तुटून नीलिमाच्या मांडीवर पडली.

नीलिमाने ती बट मुठीत घट्ट धरली.

मेहरबीने येताच प्लग ओढला. "काहून वो रत्नमाला? हे केस हायेत माय, भजे नाहीत तळाले!" तिने तेल धुऊन काढले, केस पुन्हा टिपले, दात घासायच्या जुन्या ब्रशने माझी जाळी मोकळी केली आणि निळे बटण दाबून धरले. "आता गारच हवा. वेळ लागीन."

"पावणे खोळंबले ना!"

"जेवाले खोळंबतात, केसाले नाही खोळंबत?"

माझी मोटर पोळली होती. हिचे केस वाळेपर्यंत तरी टिकू दे, एवढेच मी मागत होतो. धाप लागत होती. नीलिमाने मान खाली घातली होती. मुळांपाशी केस हळूहळू सुटे होत होते. रत्नमाला दाराशी फोनवर बोलत होती. आवाज कापरा, पण तोरा तोच. "नवरदेवाले सांगा, पोरगी केस वाळवून राह्यली. घाई असंन तर त्यानंच यावं पंखा धराले!"

नीलिमा उलट्या मानेनेच हसली. शेवटची बट वाळली आणि मी थांबलो. पुन्हा चालू झालो नाही.

मित्रांनो, ओल्या केसांशी घाई करू नका, आणि जे यंत्र रोज वापरता त्याच्या पाठीकडेही कधी पाहा. नीलिमा भरल्या केसांनी मांडवात गेली. जळलेली जागा मेहरबीने वरच्या केसांखाली झाकली होती. तिथे केस पुन्हा कमरेपर्यंत यायला किती वर्षे लागतील, कोण जाणे. तेवढी वर्षे तुम्ही तिला घाई न करता द्या.