आईचा गोफ

काचबिंदूनं आईची नजर गेली, तेव्हा मी तिला डोंगरावरच्या गावातून खाली आत्लिस्को शहरात माझ्या घरी आणलं. तिची अट एकच. दारातला गोफ बरोबर हवा. संत फ्रान्सिसच्या कमरेच्या दोरीवरून त्या झाडाला आमच्याकडे गोफ म्हणतात. पानं लांबट, करडी, खालून पांढरी लव असलेली. तुरे जांभळे, मखमलीसारखे. आईच्या झाडाच्या प्रत्येक जांभळ्या बोंडातून पांढऱ्या पाकळीची जीभ बाहेर यायची.

गावच्या घरी राहणाऱ्या माझ्या भावानं, अन्सेल्मोनं, त्याच झाडाच्या म्हणून फांद्या पाठवल्या. मी त्या ओल्या वाळूत खोचल्या, मुळं धरल्यावर अंगणात लावल्या. आई रोज पानं चाचपायची. "वाढतंय बघ," म्हणायची.

ऑक्टोबरात तुरे आले आणि मी गोंधळले. पांढरं कुठेच नव्हतं. बोंडं जांभळी, जिभाही जांभळ्या.

मी भावाला फोन लावला. बराच वेळ तो पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "ब्रिहिदा, आईचं झाड राहिलंच नाही गं. गाडी लावायला जागा केली तेव्हा काढलं. ह्या फांद्या चर्चच्या आवारातल्या. आईला कशाला सांगतेस? तिला थोडंच दिसतंय?"

मला राग आला, पण पुढे काय करावं ते कळेना. अंगणात आई तुरा गालावरून फिरवत बसली होती. "आपल्या दारातलाच," ती म्हणाली. मी नुसतं "हो" म्हटलं.

दोन दिवसांनी मी दुपारी मक्याचं पीठ मळत होते. शेजारच्या एन्ग्रासियाबाई आईजवळ येऊन बसल्या होत्या. खिडकीतून आईचा आवाज आला.

"एन्ग्रासिया, ह्याच्या जिभा पांढऱ्या आहेत का गं?"

"नाही बाई. नखशिखांत जांभळं आहे."

"बरं," आई म्हणाली. "ब्रिहिदाला सांगू नकोस मी विचारलं म्हणून. हौसेनं लावलंय तिनं."

माझे हात पिठातच राहिले. म्हणजे तिला संशय होता. कशावरून? स्पर्शाला दोन्ही सारखेच. मी स्वतः डोळे मिटून तुरा चाचपला होता, आठवणीतल्या झाडापेक्षा वेगळा लागला नव्हता. आणि आता खात्री झाल्यावर ती गप्प का? मला वाटत होतं, मी तिला सांभाळतेय.

संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले. सगळं सांगायचं ठरवून आले होते.

"आई, ह्या झाडाचं..."

"फुलं सरली की बुडाशी छाट," ती मध्येच म्हणाली. "नाहीतर पुढच्या साली नुसत्या काटक्या होतात."

"आई, ऐक ना. अन्सेल्मोनं..."

"अन्सेल्मो लहानपणापासून आळशी. जाऊ दे." तिनं माझा हात ओढून तुऱ्यावर ठेवला. "मऊ आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं."

नोव्हेंबरात बाजारात मला पांढऱ्या जिभेचं रोप दिसलं. मी ते घेतलं, रस्त्यात दोनदा थांबले, परत करावंसं वाटलं. घरी आणून आईला न सांगता भिंतीकडेला लावलं. आई अजून जांभळ्या गोफापाशीच बसते. नवं झाड तिच्या हाताच्या अंतरावर आहे. तिनं त्याला हात लावलाय की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायचं कसं, तेही सुचत नाही.