चार हात कापड, भिंत नव्हे

मी पडदा. खिडकीवरचा नव्हे आणि नाटकाचा तर मुळीच नव्हे. मी सरकलो म्हणून कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. हॉस्पिटलच्या वॉर्डात दोन कॉटांच्या मधे दांडीवरून खळखळत जातो ना, तो मी बोलतोय. आजवर ऐकायचंच काम केलं. आज तुम्ही जरा ऐका.

माझा जन्म एका लांबलचक ताग्यात झाला. माझ्या ताग्यातल्या भावंडांनी नशीब काढलं. कुणाचे शाळेचे सदरे झाले आणि ते मैदानभर हुंदडले. मी आलो हॉस्पिटलच्या शिवणखोलीत. तिथल्या शिवणाऱ्या बाईंनी मला वर कड्या लावल्या, खाली दुमड घातली, लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा आखूडच झाला की." तरी चढवलं मला दांडीवर. त्या आखूडपणामुळे माझ्या खालून सगळ्यांचे पाय दिसतात, आणि माझ्या निम्म्या ओळखी पायांवरूनच झाल्या आहेत. घाईचे बूट म्हणजे डॉक्टर. दारापाशी घुटमळणाऱ्या चपला म्हणजे पहिल्यांदाच भेटायला आलेले नातेवाईक. आणि कुरकुर न करता येणारे पांढरे बूट म्हणजे सिस्टर.

माझं काम झाकायचं. अंग पुसताना झाकायचं, कपडे बदलताना झाकायचं, कुणाला रडू आलं तर तेही झाकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा माझ्या धंद्याचा मंत्रच होता म्हणा ना. मधूनमधून धुलाईखोलीत उकळत्या पाण्यातून निघायचं, थोडा रंग तिथे सोडायचा, परत येऊन लटकायचं. आलो तेव्हा चांगला पोपटी होतो. आता माझ्याकडे पाहून वॉर्डातल्या मावशी म्हणतात, "हा आधी कुठल्या रंगाचा होता गं?"

माणसांची एक गंमत मात्र मला कधी कळली नाही. आजाऱ्यापासून काही लपवायचं असलं की ती काय करतात? मला ओढतात, माझ्या बाहेर उभी राहतात आणि मोठ्याने बोलतात. त्यांना वाटतं, पडदा ओढला म्हणजे मधे दगडी भिंत उभी राहिली. अहो, मी चार हात कापड. आत आजारी माणूस डोळे मिटून, श्वास रोखून शब्द न् शब्द ऐकत असतो. मग बाहेरची मंडळी आत येतात, तोंडभर हसतात, "काही नाही हो, साधंच आहे" म्हणतात, आणि आतला माणूसही हसून मान डोलावतो. शिकलेली माणसंही असंच करतात आणि न शिकलेलीही.

आमच्या वॉर्डात सलूनवाले काका आले तेव्हाही हेच झालं.

काकांचं केस कापायचं दुकान होतं. आवाज घोगरा झाला म्हणून ते तपासायला आले आणि इथेच राहिले. आवाज घोगरा असला तरी तोंडाची टकळी अखंड चालू. कुणाची दाढी वाढलेली दिसली की यांचे हात शिवशिवायचे. सिस्टरकडून परवानगी काढून त्यांनी अर्ध्या वॉर्डाच्या दाढ्या केल्या आणि प्रत्येक दाढीमागे एक गोष्ट सांगितली. पलीकडच्या कॉटवर एक रिटायर झालेले मास्तर होते. त्यांना काकांनी एक लांबलचक गोष्ट सांगायला घेतली आणि ऐन रंगात आल्यावर म्हणाले, "उरलेली माझ्या ऑपरेशननंतर." मास्तर भयंकर चिडले. घरचा डबासुद्धा धड खाल्ला नाही त्यांनी.

काकांच्या मागेपुढे एक लेक तेवढी होती. तिची आई लवकर गेलेली. ती कामावरून सुटली की धावतपळत यायची, बापाचं डोकं चेपायची आणि बापाची बडबड ऐकून हसायची.

एके दुपारी डॉक्टर तिला माझ्या बाहेर घेऊन आले आणि मला ओढलं. गाठ वाईट जातीची आहे, म्हणाले. लेकीचे पाय जागच्या जागी हलले. आत काकांचे डोळे मिटलेले होते, पण मिटलेल्या डोळ्यांची पापणी झोपलेल्या माणसासारखी नव्हती. तेवढ्यात जेवणाची गाडी आली. त्या गाडीचं एक चाक वाकडं आहे, ती आली की भांडीच काय, खिडक्याही वाजतात. त्या खडखडाटात डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. ते मी ऐकलं, लेकीने ऐकलं, मागे उभ्या सिस्टरनी ऐकलं. काकांनी नाही ऐकलं.

पुढचं असं होतं की गाठीबरोबर घशातली आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. श्वास मानेतल्या भोकातून घ्यायचा. यंत्र लावून, शिकून थोडंफार बोलता येतं, पण हा आवाज परत यायचा नाही.

लेकीने हात जोडले. बाबांना हे सांगू नका. गाठ काढायची आहे एवढंच सांगा. बोलता येणार नाही म्हटलं तर ते ऑपरेशनला उभेच राहायचे नाहीत, आणि मला त्यांच्याशिवाय कुणी नाही. डॉक्टरांनी हातातले कागद पुन्हा एकदा चाळले. मग हो म्हणाले.

डॉक्टरांबद्दल वाईट मत करून घेऊ नका. संध्याकाळी मोकळ्या कॉटभोवती मला ओढून सगळे चहा पितात, तेव्हा मी त्यांचं ऐकलेलं आहे. त्यांच्या वडिलांनी भीतीपोटी ऑपरेशन नाकारलं होतं आणि ते गेले. त्या दिवसापासून डॉक्टरांनी मनाशी गाठ बांधली, की भीतीने घेतलेल्या निर्णयापायी आपण माणूस जाऊ द्यायचा नाही. ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांना माणूस जिवंत हवा होता.

सिस्टरची गोष्ट वेगळी. त्या खूप भावंडांत वाढल्या. घरी जेवायला बसलं की त्यांच्या आईचा एकच नियम असायचा. दुसऱ्याच्या ताटातलं त्याला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. त्याला नको असेल असं वाटलं तरी नाही, त्याच्या पोटाला बाधेल असं वाटलं तरी नाही. आधी विचार. तो नियम त्या वॉर्डातही घेऊन आल्या होत्या. ऑपरेशनला न्यायच्या आधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, "आता तुमचं काय करणार आहेत, ते तुमच्या शब्दांत सांगा पाहू." वॉर्डात याला सिस्टरची तोंडी परीक्षा म्हणायचे. मास्तर तर म्हणायचे, मी आयुष्यभर घेतल्या, आता माझीच घेतात.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आल्या. काकांनी लेकीला पाणी आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "वाईट जातीची गाठ आहे ना? ऐकलंय मी. पण मला कळलंय हे त्या पोरीला कळू देऊ नका. बिचारी एवढं हसून दाखवते माझ्यासमोर."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. म्हणजे काकांनी ऐकलं होतं, त्यांना सगळं ठाऊक होतं, असं त्या समजल्या. स्ट्रेचर दारात येऊन उभं होतं. इथेच थांबल्या असत्या तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण सवय ती सवय.

"मग ऑपरेशनमध्ये काय करणार, तेवढं सांगा."

"गाठ काढणार. घसा बसेल चार दिवस. मग मास्तरांची गोष्ट पुरी करायची, नाहीतर तो माणूस मला जगू द्यायचा नाही."

माझी कड त्यांच्या मुठीत होती. मला इतक्या जणांनी धरलंय, ओढलंय, कुणी नाकसुद्धा पुसलंय. पण एवढं घट्ट कुणी धरलं नव्हतं. वर माझी एक कडी वाकली. मग त्यांनी मूठ सोडली आणि स्ट्रेचरवाल्याला थांब म्हणून सांगितलं.

डॉक्टरांचे बूट घाईने आले. दोघं माझ्या बाहेर उभे राहिले, पण या वेळी सिस्टरनी आवाज इतका खाली आणला की मलाही कान द्यावा लागला.

"त्यांना आवाजाचं माहीत नाही, डॉक्टर."

"आणि सांगितल्यावर ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

"जीव जाईल त्यांचा. मग ही तत्त्वं कुठे ठेवायची आपण?"

"ते माझ्या मनावर राहील. जन्मभर राहील, मला कळतंय. पण जाग आल्यावर त्यांनी लेकीला हाक मारायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही, तर त्यांच्यासमोर कोण उभं राहणार? तुम्ही की मी?"

डॉक्टरांचे बूट एकदा दाराकडे वळले, परत फिरले. मग त्यांनी मला बाजूला सारलं, स्टूल ओढलं आणि काकांच्या जवळ बसले. डॉक्टरांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं आणि नुसते किरणांचे उपचार घेतले तर काय. त्यात आवाज राहील, पण गाठ परत येण्याची भीती जास्त. स्वतःला काय वाटतं तेही सांगितलं. ऑपरेशन करावं, असं.

पाण्याचा तांब्या घेऊन लेक आली तेव्हा हे चाललेलं होतं. तिने सिस्टरकडे असं पाहिलं, की मी सिस्टर असतो तर दांडीवरून गळून पडलो असतो.

काका गप्प होते. पलीकडे मास्तर घाबरून उठून बसले, कारण काकांना गप्प असलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"गुणगुणणंसुद्धा नाही?" काकांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

मग काका लेकीकडे वळले. "तू लहानपणी केस कापायला बसायची नाहीस. एकदा गोष्टीत गुंगवून तुझे सगळे केस कापून टाकले मी. आठवतंय?"

"तीन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"ते केस परत आले, पोरी. हा आवाज नाही यायचा. मला सांगायला हवं होतंस."

लेक कॉटच्या कडेला बसली आणि बापाच्या पायावर डोकं ठेवून रडली. ते मी झाकलं. ते माझंच काम.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. काकांनी विचार करायला वेळ मागून घेतला. डॉक्टर रोज येऊन स्टुलावर बसायचे, पण एकदाही घाई केली नाही. किती जड गेलं असेल ते, त्यांच्या हलणाऱ्या बुटांना विचारा. त्या दिवसांत काका बोलले म्हणजे किती बोलले. मास्तरांची गोष्ट संपवली; मास्तर म्हणाले, शेवट काही पटला नाही. मग काका आणि लेक माझ्या आत बसून बोलत राहिले. तिच्या आईबद्दल बोलले. काय बोलले ते सांगणार नाही.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना हो म्हटलं. "दुकानात आजवर मीच बोलत आलो," म्हणाले. "आता गिऱ्हाइकांना बोलू दे."

डॉक्टर सिस्टरना म्हणाले, बघा, शेवटी ऑपरेशनच ठरलं ना. सिस्टर म्हणाल्या, ते नाही म्हणाले असते तरी मी विचारलंच असतं. यावर दोघांचं आजही एकमत नाही. चहा मात्र एकत्र पितात.

ऑपरेशननंतर काकांनी डोळे उघडले तेव्हा सिस्टर आणि लेक दोघी समोर होत्या. मानेत नळी होती. त्यांनी ओठ हलवले, आवाज आला नाही. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. पण ते दचकले नाहीत. इकडेतिकडे वेड्यासारखं शोधलं नाही. लेकीने त्यांचा हात धरला, त्यांनी तो दाबला. लेक त्यानंतरही बरेच दिवस सिस्टरशी नीट बोलली नाही, हेही सांगायला हवं. राग जायला वेळ लागतो.

काका घरी गेले त्याला बराच काळ झाला. मी आता पार विटलोय. दुमड उसवली आहे, दोन कड्या गेल्या आहेत, आणि एकदा वापरून फेकायचे नवे कागदी पडदे येणार, असं मावशी म्हणत होत्या. येऊ देत. माझी पुसायची फडकी केलीत तरी माझी तक्रार नाही.

एवढंच सांगून जातो. माझ्या जागी जो कुणी येईल, त्याला जरूर ओढा. माणसाचं अंग झाका, त्याचं रडू झाका. पण त्याच्याचबद्दल बोलायचं असेल, तर बाहेर उभे राहू नका. आत या, स्टूल ओढा, आणि आधी त्याला विचारा.