जिंकून आल्यासारखं हसा

आष्टीच्या बाजारतळावर आमचा सिनेमाचा तंबू लागायचा आणि तंबूतली मशीन मी चालवायचो. मालक परतूरला आरामात बसायचा, रीळ तुटलं की पब्लिकच्या शिव्या मी खायचो. खेळाच्या आधी सरकारी न्यूजरील दाखवावीच लागे, तसा कायदाच होता. कुणी पुढारी फीत कापतोय, कुठल्या धरणाचं पाणी सुटतंय, कुणी परदेशी पाहुणा विमानातून उतरतोय. लोक तेवढ्यात बिड्या ओढून घ्यायचे. मुंबईत दाखवून दाखवून ओरखडे पडलेलं रीळ आमच्याकडं तीन-चार महिन्यांनी यायचं, म्हणजे आमच्या बातम्या कायमच्या शिळ्या. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, द्वारकाबाईनं ते एक रीळ पाहीपर्यंत.

द्वारकाबाई बौद्धवाड्यातली. नवरा मागंच गेलेला, एकुलता एक पोरगा भुजंग पलटणीत. बांगलादेशच्या लढाईत तो पडला आणि डिसेंबरातच तार आली. त्याचं सगळं तिकडंच उरकलं होतं. अस्थी येतील, मग जलदानविधी करू, असं म्हणून तिनं वाट पाहिली. अस्थी काही आल्या नाहीत. शेवटी बहात्तरच्या उन्हाळ्यात भावकीनं तिची समजूत घातली आणि दिवस ठरवला. नेमकं त्याच आठवड्यात लढाईचं रीळ आमच्या तंबूत लागलं.

पडद्यावर जवानांची रांग चालत येत होती. मागून तो भरदार आवाज सांगत होता, शत्रूला नमवून आपले वीर जवान विजयी होऊन परतत आहेत. आणि पहिल्या रांगेत, अगदी समोर, भुजंग. हसत होता, हात वर करत होता. तंबूत कुणीतरी ओरडलं, "अय, हा तर द्वारकाबाईचा भुजंग." दुसऱ्या खेळाला बायका तिला धरूनच घेऊन आल्या. पोरगा दिसला तशी ती उठून पडद्याजवळ गेली. तिची सावली त्याच्या छातीवर पडली. एरवी सावली पडली की पब्लिक आरडाओरडा करतं, त्या दिवशी कुणी ब्र काढला नाही.

मग रीळ होतं तोवर ती रोज यायची, सोबत सून बेबीनंदा. "रामकिसन, जरा थांबव ना त्याला," म्हणायची. आता हिला कसं समजवावं? मशीन थांबवली की दिव्याच्या आचेनं फिल्म जळते. "मावशी, थांबवला तर जळंल तो," म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. डबा परत पाठवायच्या आधी कात्रीनं भुजंगच्या तोंडाचा नखाएवढा तुकडा कापला आणि तिला दिला. तो तुकडा ती पानसुपारीच्या चंचीत ठेवायची आणि उन्हाकडं धरून पाहायची.

जलदानाचा विषय मात्र तिनं बंद केला. जित्या माणसाचं कुणी जलदान करतं का, असं सरळ विचारायची. त्यात अडकली बेबीनंदा. पोरगी विशीची. तिच्या बापानं परतूरकडचा एक मास्तर पाहून ठेवला होता. त्यांच्यात दुसऱ्या लग्नाला कुणी नाक मुरडत नाही, पण आधी पहिल्याचा विधी तर व्हायला पाहिजे. बाप दोनदा येऊन गेला. द्वारकाबाईनं त्याला जेवू घातलं, आणि नवरा जिता असताना पोरीला कुठं न्यायला निघालात म्हणून तसाच परत पाठवला.

त्याच साली दुष्काळ पडला. सासू-सुना परतूरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. आणि त्या कामाची न्यूजरील काढायला मुंबईहून जीप आली, तर कॅमेरामन कोण? आमच्या आष्टीचेच सर्जेराव, द्वारकाबाईचे चुलत भाऊ.

गावाला सर्जेराव म्हणजे ऐकीव गोष्ट होती. पोरवयात पळून गेलेले, मोठ्या लढाईत पलटणीत भरती झालेले. तिथं एका गोऱ्या कॅमेरामनची तीन पायांची तिकाटणी वाहायचं काम लागलं, तो तापानं पडला तसा कॅमेरा यांच्या हातात आला. ब्रह्मदेशचं जंगल काढलं, फाळणीच्या छावण्या काढल्या, पोलीस ॲक्शनच्या वेळी फौजेबरोबर जालन्यावरून गेले पण गावाकडं वळायला सवड मिळाली नाही. पुढं सगळी धरणं, सगळे मंत्री. माणूस रिटायर व्हायला आलेला, केस पिकलेले, उजवा डोळा सारखा मिचकावायची खोड.

मशीन पाहायला म्हणून ते तंबूत आले आणि चहा घेत बसले. मी म्हणालो, "दादा, तुम्ही तर लई लढाया पाह्यल्या असतील."

"पाह्यल्या कुठं? लढाईत कुणी उभं राहू देतं का? ब्रह्मदेशात आमच्या लोकांनी एक टेकडी घेतली, तवा अंधार होता. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं, मंग माझ्यासाठी पुन्हा एकदा घेतली. वर पोचल्यावर सगळे हसले. रात्री गेलेले तेवढे त्यात नव्हते." त्यांनी बशी खाली ठेवली. "आमचं काम असंच असतंय, रामकिसन. जे घडायचं ते नंतर काढायचं, न्हाईतर आधी."

आधी म्हटल्यावर मला भुजंगचं हसणं आठवलं. मी भुजंगच्या रिळाचं सांगितलं. त्यांचा चहा तसाच राहिला.

"तो माझाच शॉट," ते म्हणाले. "लढाई सुरू व्हायच्या आधीचा. वरून सांगणं आलं, जिंकल्यावर कॅमेरा येळेवर पोचंल न पोचंल, परत येतानाचं आत्ताच काढून ठेवा. मुंबईत ते शेवटी जोडलं असंल."

"मंग द्वारकामावशीला एवढं सांगून टाका. तुमचं ऐकंल ती. एका पोरीचा जन्म अडकून पडलाय."

"सांगतो," ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो एकदाचे सगळे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही कामावर गेलो. द्वारकाबाई खडीच्या ढिगाशी भाकरी सोडून बसली होती, शेजारी बेबीनंदा. भावाला पाहून तिनं आधी तोंडावरून पदर फिरवला, मग चंचीतला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. सर्जेरावांनी तो उन्हाकडं धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"द्वारके, हे लढाईच्या आधीचं हाय. मीच काढलंय."

"तू काढलं?" तिचं तोंड फुललं. "म्हणजे तू भेटलास त्याला. कसा होता?"

"चांगला होता. आष्टीचा हाय म्हणला, तुझं नाव सांगितलं. म्हणून तर त्याला पुढं उभं केलं. म्हणलं, बाबा, जिंकून आल्यासारखं हस."

"आन् तो हसला."

"हसला. पण तवा लढाई झालीच नव्हती. लढाई नंतर झाली, द्वारके. तार आली ती नंतरची."

बेबीनंदानं हातातला घास भाकरीवर तसाच ठेवला. मला वाटलं, आता द्वारकाबाईला रडू फुटेल.

"मंग तो बोलणारा माणूस?" द्वारकाबाईनं विचारलं. "तो म्हणला की, जिंकून परत आले."

"तो मुंबईत बसून कागद वाचतो. त्याला काय ठाऊक?"

"म्हणजे सरकारनं खोटं दाखवलं."

सर्जेरावांनी जीपकडं पाहिलं. नोकरी आडवी आली असेल. मग म्हणाले, "हां. खोटं दाखवलं."

"आन् तार कोणाची आल्ती?"

सर्जेरावांनी तुकडा तिच्या हातात परत दिला.

"तीबी सरकारचीच की," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ, लहान भावाला हिशेब समजावून द्यावा तसा. "एक खोटं बोललं तर दुसरं खोटं बोलायला काय झालं? अस्थी आल्या का? न्हाई आल्या. तू तर त्याला डोळ्यानं पाह्यलंस, हसताना पाह्यलंस. मी तुझं खरं मानते, दादा."

सर्जेराव तिच्यासमोर खडीवर बसले. तार वेगळी, चित्र वेगळं, तार पलटणीतून येते, असं काहीबाही बोलू लागले. "चित्रबी पलटणीतूनच आल्तं की," तिनं म्हटलं आणि त्यांच्या हातावर अर्धी भाकरी ठेवली. मी तिथं उभा राहून नुसतं पाहत होतो. तिच्या बोलण्यात एकही चूक मला सापडेना.

सुट्टी संपली. मुकादमानं बायकांच्या डोक्यावर टोपल्या देऊन रांग लावली. जीपवाल्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, दुष्काळातही लोक खचलेले नाहीत असं दिसू द्या. सर्जेरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, पण हसा म्हणून त्यांच्या तोंडातून निघेना. मुकादमच ओरडला, "हसा गं जरा." बायका ओशाळल्या. द्वारकाबाई तेवढी रांगेतून पुढं आली. टोपली एका हातानं सावरली, दुसरा हात वर केला आणि तोंडभर हसली, थेट भुजंगसारखी. बेबीनंदा मागच्या मागं राहिली.

"माझं जरा लांबलचक घे, दादा," ती म्हणाली. "तो जिथं असंल तिथं पाहील. माय बरी हाय, एवढं त्याला कळू दे."

कॅमेरा घरघरत राहिला. बायका पांगल्या तरी सर्जेरावांनी डोळा काढला नाही. तिकाटणी मी धरली होती. रीळ संपून कॅमेरा थांबला तेव्हा कुठं ते बाजूला झाले.

निघताना बेबीनंदा जीपपाशी आली. "मामा," ती खाली पाहत म्हणाली, "जायच्या आधी अजून एकदा सांगून बघा."

संध्याकाळी ते घरी जाऊन पुन्हा बोलले. द्वारकाबाईनं ऐकून घेतलं, तू लई दमलास म्हणाली, आणि त्यांच्यासाठी दारात बाज टाकली. सकाळी जीप गेली. सर्जेराव परत गावात आले नाहीत.

पाऊसपाणी चांगलं झालं, दुष्काळ सरला, त्यानंतर ते रीळ आमच्याकडं आलं. हसतमुखानं संकटाशी झुंजणाऱ्या माताभगिनी, असं तो आवाज सांगत होता आणि पडद्यावर द्वारकाबाई हात वर करून हसत होती. मी पुढचा खेळ थांबवून ठेवला आणि तिला बोलवायला पळालो. ती अंगणात तूर पाखडत होती. बेबीनंदा घागर घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"मला कशाला दाखवतोस?" द्वारकाबाई म्हणाली. "मी हाय की इथंच." मग सूप खाली ठेवून विचारलं, "इथून पुढं कुठं जातं ते?"

"सेलूला, मावशी."

"आन् सेलूच्या पुढं?"

सेलूच्या पुढं मानवत, मग परभणी, मग डबा फिरून मुंबईला. ओरखडे फार झाले की गोदामात टाकतात. हे सगळं माझ्या ओठावर होतं. बेबीनंदा माझ्याकडं टक लावून पाहत होती.

"पुढं पार लांब जातं," मी म्हणालो.

"मंग दिसंल त्याला," द्वारकाबाई म्हणाली आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. बेबीनंदा घागर घेऊन पाण्याला निघून गेली.